पायलटच्या घरच्यांना विचारलं कुणी

आमच्या जावयाची खोड मला लग्नापासून ठाऊक. गाडी घ्यायला जातील, दिवसभर घासाघीस करतील नि हात हलवत परत येतील. वर म्हणतील, "आई, ह्याला बिझनेस म्हणतात."

हा बिझनेस ह्या वेळी माझ्या पोराच्या जिवावर बेतला.

हे आमचे जावई, यतिनराव, परदेशात टार्निटच्या घरात मागच्या खोलीत कोविडमुळे सात दिवस दार लावून बसले होते. ऑफिस आतूनच. मी दाराशी ताट ठेवायची आणि तिथेच स्टूल घेऊन बसायची. कारण आतल्या फोनवर माझ्या विक्रांतच्या बोटीचं चाललं होतं.

विक्रांत माझा धाकटा, गव्हाच्या बोटीवर ऑफिसर. नोकरी यतिनरावांनीच लावलेली, त्यांच्याच कंपनीत. युक्रेनची लढाई पेटली आणि बोट तिकडच्या नदीत अडकली. पाण्यात सुरुंग. पायलट, म्हणजे बोटीवर चढून तिला वाट दाखवत समुद्रापर्यंत नेणारा माणूस, त्याच्याशिवाय हलायची सोय नाही. पायलट तिप्पट फी मागत होते, कंपनीतर्फे यतिनराव दीडपटीवर अडून. मध्ये आपल्या वकिलातीतल्या शोभाताई. बोट अडकून नऊ दिवस झाले. बोटीवर पाणी मोजून पितायत, असं विक्रांतने माझ्या लेकीला लिहिलं. मला नाही कळवलं, मोठा शहाणा.

यतिनरावांनी दार लावल्याच्या सहाव्या दिवशी आतून आवाज आला, "मॅडम, पावणेदोन पट. फायनल."

मी दारावर थाप मारली. "फोन स्पीकरवर टाका."

"आई, ऑफिशियल कॉल आहे."

"मग मुलगा माझा फुकटचा आहे? टाका."

टाकला.

"शोभाताई, मी विक्रांतची आई. त्या पायलटांच्या बायकांना कुणी काही विचारलं का?"

"नाही हो. का?"

"माझे सासरे दाभोळला परक्यांची गलबतं खाडीत आणून द्यायचे. पावसाळ्यात वाळू सरकायची, जिवाचं काम. गलबतवाला आधी आमच्या दारात यायचा. सासूबाईंच्या हातात नारळ द्यायचा नि म्हणायचा, ह्यांना काही झालं तर हे घर आम्ही चालवू. मग पैशांचं बोलणं. जो दारात आला नाही, त्याच्याकडून सासरे दुप्पट घ्यायचे. मागे राहणाऱ्यांची सोय नको?"

"आई, तिकडे नारळ कुठून..." यतिनराव म्हणाले.

"नारळ राहू दे. कागद द्या!"

शोभाताई म्हणाल्या, थांबा, विचारते. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. लढाई लागली तेव्हाच पायलटांचा विमा बंद झाला होता. काही झालं असतं तर बायकापोरं उघड्यावर. आणि इकडे सगळे आकड्यावर भांडत होते.

मग मात्र यतिनराव तापाच्या अंगाने आपल्या साहेबाशी तास-दीड तास भांडले. कंपनीने लिहून दिलं, पायलटला काही झालं तर घरच्यांना दहा वर्षांचा पगार. फी दीडपटीवर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा ठेवला होता. विक्रांतचा फोन. मागे नुसता वारा.

"आई, समुद्रात आलो. पायलट आत्ताच उतरला. जाताना हसत होता गं."

मी तिथेच फरशीवर बसले ते बसलेच. चहा उतू गेला तरी उठवेना. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. मास्क लावून यतिनराव उभे. डोळे भरलेले.

"आई, सॉरी."

"माणूस वाईट नाही तुम्ही, यतिनराव," मी म्हटलं. "पण सहा दिवस नुसते आकडे घोकलेत, आणि त्या माणसाला घरदार आहे का, एवढं विचारायला तोंड उघडलं नाहीत. साफ चुकलं तुमचं. शेवटी साहेबाशी भांडलात, म्हणून माफ."