मिस्त्रीचा कान

होडी दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाईक मिळवणं एकवेळ सोपं, टिकवणं महाकठीण. होडीवाला माणूस संशयी असतो. का नसेल? खाली पाणी आणि वर तो, मध्ये काय ती बोटभर जाडीची फळी. ती फळी चांगली आहे असं ज्यानं सांगायचं, त्याच्यावर भरवसा टाकावा लागतो. आणि असा भरवसा टाकावा अशी माणसं गावात असतात तरी किती!

मिस्त्री त्यातला होता. घाटाला लागून त्याचं घर, घराला लागून पत्र्याची शेड, शेडपुढे अंगण आणि अंगणातून थेट पाण्यात उतरणारा उतार. होडी उतारावर ओढून घेतली की मिस्त्री लाकडी हातोडी घ्यायचा आणि तळाची एकेक फळी ठोकत जायचा. चांगली फळी खणखणीत बोलते. आतून सडलेली, वरून कितीही रंगवा, भद्द वाजते. "ही दोन वर्षं हलत नाही. हिला हात लावू नकोस. ही मात्र गेली, बदल." बस्स, एवढंच बोलणं. दुसरे मिस्त्री चांगल्या-वाईट सरसकट फळ्या काढायचे आणि गिऱ्हाइकाला कापायचे. हा गरज नसलेल्या फळीला कधी हात लावायचा नाही. पाटी नाही, जाहिरात नाही, तरी होड्या यायच्या. मिस्त्रीच्या कानाला तोड नाही, असं म्हणत यायच्या.

आणि हा कान सहा वर्षांपूर्वी गेला.

एकदम गेला असता तर बरं झालं असतं, निदान बोभाटा तरी झाला असता. हळूहळू गेला. आधी फोन खिशात वाजत राहायचा आणि ह्याला पत्ता नसायचा. मग किटलीची शिट्टी गेली. मग एक दिवस फळी ठोकली आणि खणखणीत नाही, भद्द नाही, नुसतं टक. पुढची ठोकली, टक. सगळ्या तळाला एकच आवाज. डॉक्टर म्हणाला, चाळीस वर्षं हातोडी आपटलीत, तिनंच खाल्ला कान. कानात यंत्र घालून पाहिलं, तर त्यात सगळंच पत्र्यावर गोटे पडल्यासारखं वाजायचं. काढून खणात टाकलं.

हे बाहेर कळलं असतं तर संपलंच होतं. त्याच सुमारास पलीकडच्या काठावर होड्यांचा नवा कारखाना निघाला होता. तिथं यंत्र होतं, फळीला टेकवलं की ती किती सडलीय त्याचा आकडा दाखवायचं. गिऱ्हाईक तिकडे वळायला निमित्तच शोधत होतं.

तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एवढं काय तोंड पाडून बसलात? मला येतं ते."

"तुला काय येतं?"

"ऐकायला येतं. भिंतीपलीकडे स्वयंपाक करते मी. इतकी वर्षं दुसरं काय ऐकलंय? तुम्ही तोंड उघडायच्या आधी मला कळायचं कुठली फळी गेलीय ते."

मिस्त्रीनं थट्टेवारी नेलं. मग गंमत म्हणून दोन जुन्या फळ्या ठोकून पाहिल्या, एक चांगली, एक सडकी. मग चार. मग दहा. बाई एकदाही चुकली नाही.

त्या दिवसापासून होडी उतारावर आली की बायको स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसायची. मांडीवर भाजी निवडायला, नाहीतर उसवलेलं काहीतरी शिवायला. मिस्त्री ठोकायचा आणि सहज मान वळवल्यासारखं करून पायरीकडे बघायचा. तिचा हात मांडीवरच असला तर फळी ठीक. तिनं कपाळावरचे केस मागे सारले की फळी गेली. सहा वर्षं हे असं चाललं. एक होडी बुडाली नाही, एक गिऱ्हाईक तुटलं नाही. कधीकधी मिस्त्री स्वतःच विसरून जायचा की ऐकतंय दुसरंच कोणी. गिऱ्हाइकांनी कौतुक केलं की मिशीत हसायचा. बायको भाजीचा पाला घेऊन मुकाट आत जायची.

मग ती आजारी पडली. तीन आठवडे दवाखान्यात होती. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिनं त्याचा हात धरला आणि कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाली, "आता सांगून टाका सगळ्यांना. माझ्यामागे फळ्या ठोकत बसू नका. त्या होड्यांत माणसं बसतात."

"हो," मिस्त्री म्हणाला.

"नुसतं हो नको. शब्द द्या."

"दिला," मिस्त्री म्हणाला. पाचव्या दिवशी ती गेली.

लेक येऊन पंधरा दिवस राहिली, "बाबा, माझ्याकडे चला" म्हणून मागे लागली, आणि रडत परत गेली. मिस्त्री गेला नाही. दुसऱ्याच दिवशी उतारावर होडी आली. मग दुसरी. गिऱ्हाइकं जणू ठरवून येत होती. "मिस्त्री, तुमच्याशिवाय कुणाकडे जाणार?" असं म्हणायची. मिस्त्रीला गहिवरून यायचं. बायको गेली, पण माणसं टिकली, देवमाणसं आहेत बिचारी, असं त्याला वाटायचं. आता अशा माणसांना कुठल्या तोंडानं सांगायचं, की कान माझा नव्हताच? आज नको, पुढच्या होडीला सांगू. आणि पुढच्या होडीलाही तेच.

ठोकायची वेळ आली की मात्र घाम फुटायचा. हातोडी पडायची, मान आपोआप पायरीकडे वळायची आणि तिथं नुसती पायरी असायची. टोच्या खुपसून लाकूड मऊ लागतं का ते पाहता आलं असतं; पण मिस्त्रीनं टोच्या हातात घेणं म्हणजे कान गेला म्हणून बोंब मारणंच की! शेवटी त्यानं एक सावध वाट काढली. चांगली म्हणून सोडली आणि सडकी निघाली तर माणसं मरतील. सडकी म्हणून बदलली आणि चांगली निघाली तर फक्त फळी वाया जाईल. तेव्हा जराशी शंका आली, की "बदल". उभ्या जन्मात विनाकारण फळी न काढलेला माणूस, तीन महिन्यांत चार होड्यांच्या सात फळ्या काढून बसला. काढलेली फळी उलटून बघायची त्याला हिंमत होत नसे. तशीच तोडून सरपणात टाकायचा.

पाचवी होडी नावाड्याची. हा नावाडी मिस्त्रीहून दहा-बारा वर्षांनी लहान, सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सकाळी पलीकडच्या वस्तीतली पोरं शाळेत आणायची आणि संध्याकाळी परत न्यायची, हे त्याचं काम. एकवीस पोरं. होडी आली ती आतून-बाहेरून ताज्या रंगात.

"अरे, दाखवायच्या आधीच रंग लावून आलास?" मिस्त्री म्हणाला. "डोकंबिकं ठिकाणावर आहे ना?"

"रंग उरला होता घरी," नावाडी दुसरीकडे बघत जोरात म्हणाला. अलीकडे सगळेच त्याच्याशी जोरात बोलत.

मिस्त्रीनं हातोडी घेतली. टक. टक. टक. एकवीस पोरं त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. पायरीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. पुढच्या टोकाजवळची डावीकडची फळी त्यानं तीनदा ठोकली. काही म्हणजे काही कळेना.

"ही गेली. बदलावी लागेल."

नावाड्यानं त्या फळीकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. "बदला," म्हणाला. "दुपारी येतो."

मिस्त्री कामाला लागला. रंग खरवडला, तर खाली खिळ्याचं डोकं नाही, स्क्रू! मिस्त्री नेहमी तांब्याचे खिळे मारायचा. ह्या होडीत दुसऱ्या कोणाचा हात लागण्याचा प्रश्नच नव्हता. एकेक स्क्रू काढत त्यानं फळी सोडवली आणि ह्या वेळी, तीन महिन्यांत पहिल्यांदा, ती उलटून बघितली.

आतल्या आडव्या लाकडाखाली रंग पोचला नव्हता, तिथं पिवळीधमक. कोरी. करवतीच्या रेघाही अजून बुजल्या नव्हत्या. नाकाशी धरली तर ओल्या लाकडाचा वास आला. मधोमध निळ्या शाईत पलीकडच्या कारखान्याचा शिक्का होता.

मिस्त्री मटकन खाली बसला.

नावाडी आला तेव्हा तो तसाच बसलेला होता, फळी मांडीवर.

"कधी बसवलीस ही?"

"मागच्या आठवड्यात," नावाडी म्हणाला. आता खोटं बोलण्यात काही राम उरला नव्हता.

"आणि मला काढू दिलीस? कोरी फळी?"

"तुम्ही म्हणालात ना, बदल."

"मी म्हणीन, हो! मी काय वाटेल ते म्हणीन! तुला तोंड नव्हतं?" मिस्त्री ओरडला. "बाकीचे? तेही आधी तिकडे जाऊन येतात?"

नावाड्यानं मान हलवली.

"कधीपासून?"

"वहिनी गेल्यापासून." नावाडी त्याच्यासमोर उकिडवा बसला, म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघून मिस्त्रीला समजावं. "मिस्त्री, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं हो. आधीपासून. होडी आमची, जीव आमचा, आम्ही काय डोळे मिटून उभे राहायचो? तुम्ही ठोकायचात, आम्ही वहिनींचा हात बघायचो."

"मी दवाखान्यात भेटायला आलो होतो ना, तेव्हा तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. वहिनी म्हणाल्या, ह्यांच्याकडून शब्द घेतलाय, पण ते सांगायचे नाहीत. जमायचं नाही त्यांना. तू होडी आणत राहा, बाकीच्यांनाही सांग, नाहीतर हा माणूस रिकाम्या अंगणात बसून मरेल. पण तुझ्या होडीत पोरं असतात, तेव्हा आधी पलीकडे दाखव आणि मग इकडे आण. मी म्हटलं, आणि मिस्त्रींनी चांगलीच फळी बदल म्हटलं तर? तर म्हणाल्या, बदलू दे. नव्या फळीनं कुणी बुडत नाही."

मिस्त्रीला सरपणात गेलेल्या सात फळ्या आठवल्या. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. त्यानं हो म्हटलं होतं, शब्द दिला होता, तिच्या डोळ्यात बघून दिला होता. आणि तिला त्या 'हो'चा आवाजसुद्धा बरोबर ऐकू आला होता. भद्द. जाता जाता शेवटची फळी तिनं त्याचीच ठोकून बघितली आणि मागं राहिलेल्या माणसाची सोय लावून गेली. आणि तो तीन महिने समजत होता की गिऱ्हाइकं त्यानं टिकवली.

मिस्त्री उठला. तीच फळी त्यानं परत जागेवर बसवली, आपल्या तांब्याच्या खिळ्यांनी. कडेच्या फटीत सूत भरलं, वर डांबर फिरवलं. हात अजून चोख होता. हाताला काही झालं नव्हतं. नावाडी मजुरी द्यायला लागला, तर त्याचा हात धरून त्यानं मागे सारला.

"पुढच्या खेपेला येऊ ना?" नावाडी म्हणाला.

"फळ्या दाखवायला येऊ नकोस. फळ्या पलीकडेच दाखव. खिळे मारायचे असतील, सूत भरायचं असेल, तर ये. नाही आलास तरी राग नाही." मिस्त्री थांबला. पुढचं बोलायला त्याला फार कष्ट पडले. "आणि घाटावर सगळ्यांना सांग. मिस्त्रीचा कान गेला म्हणावं. तीन महिने झाले."

"मिस्त्री..."

"माझ्या तोंडून आलंय असं सांग. मी शब्द दिला होता."

नावाड्यानं होडी पाण्यात ढकलली. शाळा सुटायची वेळ झाली होती. मिस्त्री उतारावर उभा राहून बघत राहिला. मग वळला आणि कधी नव्हे तो स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसला. सहा वर्षांत ह्या पायरीवर तो एकदाही बसला नव्हता. इथून उतार दिसत होता, शेड दिसत होती, आणि सगळाच्या सगळा घाट दिसत होता, तिथं दोर गुंडाळणारा एकेक माणूससुद्धा. तिला ते सगळे दिसत होते, आणि त्यांना ती.

घाटावरून पोरांची होडी निघाली. पोरं ओरडत असणार, हात हलवत होती. मिस्त्रीला काही ऐकू आलं नाही. त्यानं हात मांडीवर ठेवला आणि होडी पलीकडे टेकेपर्यंत तिथून उचलला नाही.