दहा पावलांचं अंतर

"फडकं नाकाच्या वर बांधायचं. हनुवटीला बांधून उपयोग नाही. हनुवटीतून कुणी शिंकत नाही," मास्तर म्हणाले, आणि पाहुणे हसले.

या वाक्याला पाहुणे हसतातच. मास्तरांना ते पाठ होतं, म्हणून वाक्य संपलं की ते हसण्यापुरते थांबत आणि मग पुढचं बोलत. विश्रामगृहाच्या जेवणघरात टेबलं नुकतीच पुसून झाली होती, चहा फिरला होता आणि चार दिवसांच्या सफरीला आलेली आठ माणसं खुर्च्या वळवून बसली होती. उद्या तळ्यावरचे हत्ती आणि झाडांवरची शेपटीवाली माकडं, परवा वानरं, आणि चौथ्या दिवशी सामान आवरून घरी, असा बेत होता. माणसं येत ती परवासाठी. बिनशेपटीची, काळी, माणसाएवढ्या अंगाची ही वानरं माणसाची चाहूल लागली की पळतात. या रानात त्यांची एकच टोळी माणसांना सरावलेली होती, आणि तिला सरावायला लागलेली सगळी वर्षं मास्तर तिथे होते.

शाळेत मास्तर म्हणून त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सातवीपुढे शाळेनंच त्यांना ठेवून घेतलं नव्हतं. पण पाहुण्यांची हजेरी घ्यायची, त्यांना रांगेनं चालवायचं आणि कुणी तोंड उघडलं की ओठावर बोट ठेवायचं, हे एकोणीस वर्षं केल्यावर दुसरं कुठलं नाव चिकटणार?

"आता महत्त्वाचं," ते म्हणाले. "वानरांपासून दहा पावलं लांब राहायचं. आणि कुणाला सर्दी, खोकला, ताप असेल तर आत जायचं नाही. आपली सर्दी त्यांना झेपत नाही. गेल्या वर्षी एक पाहुणा खोकला लपवून आत गेला. आठवड्यात टोळीत साथ आली. तीन गेली."

इथे कुणी हसत नाही. मास्तर इथेही थांबत.

"कोण होता तो?" पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं. बाई साठीच्या, केस आखूड कापलेले, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं. धाकट्या बहिणीबरोबर आल्या होत्या. निवृत्त नर्स, असं यादीत लिहिलं होतं.

"कळलं नाही."

"शोधलं नाही कुणी?"

"त्या दिवसाचे पाहुणे केव्हाच आपापल्या घरी गेले होते, बाई. कुणाला विचारणार?"

नर्सबाईंनी मान डोलावली. मास्तरांनी फडकी वाटायला घेतली.

तो पाहुणा वगैरे कुणी नव्हता. ते मास्तरच होते. नातीची सर्दी आजीला लागली होती, आजीची आजोबांना. ताप गेला होता, नाक वाहायचं थांबलं होतं, खोकला तेवढा मागे राहिला होता. नेमकं त्याच सकाळी माग काढणाऱ्यांनी वॉकीटॉकीवर कळवलं की थोरली व्याली. थोरली म्हणजे टोळीतली सगळ्यांत शहाणी मादी. तिला मास्तरांनी आईच्या पोटाला लोंबकळताना पाहिलं होतं, आणि आता तिच्या पोटाला तिचं पोर होतं. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं, त्यांच्याऐवजी जायला दुसरा माणूस तयार होता. पण पोर पहिल्यांदा आपणच बघावं, एवढीच हौस. फाटकावरच्या नाकेदारानं नेहमीसारखं सर्दी-खोकल्याचं विचारलं, मास्तरांनी नेहमीसारखं नाही म्हटलं आणि वहीत सही केली.

पुढे जनावरांचे डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, जंतू माणसाचा निघाला. कुणाचा ते निघालं नाही. वनखात्याच्या साहेबांनी पाहुण्यांवर ठपका ठेवून नियम कडक केले आणि ते पाहुण्यांना समजावून सांगायचं काम ज्याला बोलणं जमतं त्याच्याकडे आलं. म्हणजे मास्तरांकडेच. पहिल्यांदा 'एक पाहुणा' म्हणताना त्यांची जीभ अडखळली होती. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून अडखळेनाशी झाली. तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं. दुःख झालं असतं तर बरं झालं असतं, ते झालंच नाही. भूक वेळेवर लागायची, झोप वेळेवर यायची, विनोद ठरल्या जागी व्हायचे. डाव्या कुशीवर झोपून हात बधिर व्हावा तसं सगळं झालं होतं, फक्त हातात मुंग्या येण्याची वेळ काही येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी तळ्याकडे निघाली. मास्तर ड्रायव्हरशेजारी उलटे वळून बसले होते. मागच्या बाकावर कुणीतरी काही बोललं, सगळे हसले, आणि नर्सबाई इतरांपेक्षा जरा जास्त वेळ हसल्या. हसणं संपता संपता त्यांनी रुमाल तोंडाशी नेला. मग पर्समधून खडीसाखरेचा खडा काढून गालात धरला.

मास्तर ओळखून चुकले. खोकला हसण्यात मिसळून द्यायचा, खडा चघळायचा नाही, नुसता धरायचा, आणि घसा खवखवला की घोटभर पाणी. ही सगळी युक्ती त्यांची स्वतःची होती. त्यांनी ती एक अख्खा दिवस चालवली होती.

त्यांनी कानाडोळा केला. विचारपूर्वक केला असंही नाही. हत्ती दाखवले, हत्तींविषयी जे सांगायचं ते सांगितलं. पलीकडच्या उंच झाडांवर शेपटीवाली माकडं उड्या मारत होती, त्यांच्या शेपट्या मोजायला पाहुण्यांना लावलं. दुपारी झाडाखाली डबे उघडले तेव्हा नर्सबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"उद्या नक्की दिसतील ना?"

"दिसतील. टोळी कालपासून एकाच उंबरावर आहे."

"आमच्या वॉर्डात कॅलेंडर होतं," बाई म्हणाल्या. "एका पेशंटनं दिलेलं. त्यात एका महिन्याला ह्या वानराचं चित्र. वर्ष संपलं तरी मी ते काढलं नाही. माझ्या टेबलासमोरच होतं. चौतीस वर्षांतली अठ्ठावीस वर्षं मी त्याच्याकडे बघत काढली. म्हटलं, रिटायर झाल्यावर एकदा खरं बघायचं. दुसरं काही मागणं नाही हो माझं."

"हं," मास्तर म्हणाले. त्यांच्या डब्यात अजून अर्धी पोळी होती, ती त्यांनी संपवली.

मास्तरांचं घर विश्रामगृहाच्या मागेच, दोन खोल्यांचं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको त्यांच्या खाकी कोटाला बटण लावत होती.

"तुम्ही घरी येता की नुसता तुमचा हा कोट येतो, हेच मला कळेनासं झालंय," ती म्हणाली. चिडून नव्हे. वर्षभरात चिडूनही झालं होतं. सुरुवातीला तिनं एकदा सांगितलंही होतं, की डॉक्टरांना खरं काय ते सांगून मोकळे व्हा. मास्तर म्हणाले होते, "सांगून काय, ती तीन उठून बसणार आहेत?" मग तो विषय दोघांनीही सोडून दिला.

"एका पाहुणीला खोकला आहे," मास्तर बूट काढता काढता म्हणाले.

बायकोची सुई थांबली. "मग?"

"नाकेदार बघेल उद्या."

"नाकेदाराला कळतं होय? तुमचा कळला होता?"

मास्तरांनी दुसरा बूट काढला आणि पहिल्याच्या शेजारी नीट ठेवला. बायकोनं दातांनी दोरा तोडला आणि कोट खुंटीला अडकवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर सगळे रांगेनं उभे राहिले. फाटक म्हणजे दोन खांब, एक आडवा दांडा, पत्र्याच्या छपराखाली टेबल आणि एक लाकडी बाक. नाकेदार कपाळासमोर यंत्र धरून ताप बघत होता, प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारत होता आणि वहीत खूण करत होता. आत माग काढणारे टोळीपाशी पोहोचले होते. वॉकीटॉकीवर त्यांनी सांगितलं की टोळी खालच्या फांद्यांवर उतरली आहे, लवकर या.

"सर्दी, खोकला, ताप?"

"नाही," नर्सबाई म्हणाल्या. यंत्रावर आकडा चांगला आला. नाकेदारानं खूण केली.

"बाई, तुम्ही थांबा," मास्तर म्हणाले.

आपण हे बोलणार आहोत हे त्यांना बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"का? ताप नाहीये मला."

"तापाची गोळी किती वाजता घेतलीत?"

बाईंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "पाचला." सरळ विचारल्यावर खोटं सांगायची त्यांना सवय नसावी.

"ताई, तू मला म्हणालीस घसा कोरडा पडलाय," धाकटी बहीण म्हणाली.

"हे बघा," नर्सबाई मास्तरांकडे वळल्या. आवाज त्यांनी मुद्दाम शांत ठेवला होता. "मी उभा जन्म छातीच्या वॉर्डात काढलाय. कुठला खोकला कसला, ते मला झोपेतही कळतं. हा उतरणीचा आहे. याची कुणाला लागण होत नाही."

"माझाही उतरणीचाच होता," मास्तर म्हणाले.

नाकेदारानं वहीतून मान वर केली. "म्हणजे?"

"गेल्या वर्षी पाहुणा नव्हता. मी होतो. थोरलीचं पोर बघायला गेलो होतो. मी नाही म्हणालो, तुम्ही खूण केलीत."

गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेले गृहस्थ म्हणाले, "पण परवा तुम्ही आम्हाला सांगितलंत की..."

"खोटं सांगितलं. वर्षभर सगळ्यांना तेच सांगतोय."

हे सगळं मास्तरांनी ज्या आवाजात फडकं कसं बांधायचं ते सांगितलं होतं त्याच आवाजात सांगितलं. नाकेदार मात्र पार गडबडून गेला. तो टेबलामागून उठला आणि त्यांना कोपराला धरून जरा बाजूला घेऊन गेला.

"मास्तर, मी काही ऐकलेलं नाही. दोन वर्षं राहिलीत तुमची नोकरीची. बाईंना थांबवू, तुम्ही बाकीच्यांना घेऊन आत जा, विषय संपला."

"लिहा."

"कुठं लिहू? त्याला रकाना तरी आहे का वहीत?"

"शेऱ्यात लिहा. तारीख सांगतो."

"एकदा लिहिलं तर तुम्हाला परत आत सोडता येणार नाही मला. आजच नाही, कधीच."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले, आणि तारीख सांगितली. नाकेदारानं ती लिहिली. अक्षर त्याचं एरवी बरं होतं, ती ओळ वाकडी गेली. मास्तरांनी खाली सही केली, वॉकीटॉकी टेबलावर ठेवला आणि आतल्या एका माणसाला पाहुणे न्यायला बोलावून घ्या म्हणून सांगितलं.

धाकटी बहीण ताईपाशी घुटमळत होती. "मी पण थांबते."

"वेडी आहेस का? जा. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. नीट बघून ये आणि मला सांग."

आतला माणूस आला. सात जण एकामागे एक दांड्याखालून वाकून गेले. कॅमेरेवाले गृहस्थ जाताना मास्तरांकडे बघणार होते, पण मग त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टाच सारखा केला. पावलांचा आवाज वळणापर्यंत आला आणि नंतर थांबला. नाकेदार वही मिटून छपराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

नर्सबाई बाकावर बसल्या आणि आता मनसोक्त खोकल्या. बराच वेळ खोकल्या. मास्तर बाकाशेजारी, पाहुण्यांसमोर उभं राहायचं तसे, हात मागे बांधून उभे होते.

"राग आला असेल तुम्हाला," ते म्हणाले.

"आलाय," बाई म्हणाल्या. रुमाल घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला. "कोण कोण गेलं?"

मास्तरांना कळलं नाही.

"तीन गेली म्हणालात. कोण कोण?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नमुने मागितले होते, साहेबांनी आकडा.

"आधी एक म्हातारा नर," मास्तर म्हणाले. "तो तसाही थकलेला होता. मग थोरली. मग तिचं पोर."

"पोराला लागण झाली होती?"

"नाही. त्याला दूध नव्हतं. बाकीच्या माद्यांनी घेतलं थोडा वेळ, पण त्यांच्याकडे दूध नव्हतं."

"थोरली किती दिवस होती?"

"सहा. चौथ्या दिवसापासून खाणं सोडलं."

"पाणी?"

"पानांवरचं चाटायची. पाचव्या दिवसापर्यंत."

बाई डॉक्टरांच्या फेरीत विचारावं तसं विचारत होत्या, आणि मास्तर सांगत होते. श्वास कसा होता. कुशीवर झोपायची की बसूनच. ही वानरं रोज संध्याकाळी झाडात फांद्या मोडून नवा बिछाना करतात. थोरलीनं शेवटच्या दिवशी चढायचा प्रयत्न केला, मग खालीच चार फांद्या ओढल्या. त्या तिला नीट अंथरता आल्या नाहीत, तरी ती त्यांवर बसली. पोर पोटाशीच होतं.

"तुम्ही होतात?"

"होतो. तोंडाला फडकं बांधून, लांब."

बोलता बोलता मास्तरांचा आवाज मध्येच कुठेतरी कमी झाला होता. तो कमी झालाय हे त्यांना शेवटचा शब्द नीट बाहेर न आल्यावर समजलं. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले.

"किती वाजता गेली?"

"सव्वाचार," मास्तर म्हणाले. "संध्याकाळचे."

बाईंनी आतल्या बाजूच्या घड्याळाकडे नुसतं बघितलं आणि मान हलवली. मग त्या बाकावर थोड्या सरकल्या, आणि मास्तर बसले.