वर्बिनाची घंटा कोणी लपवली

ज्ञानदा साताऱ्याहून पिट्सबर्गला आली ती धातूंवर पीएचडी करायला. कुठल्या स्लोव्हाक गावाच्या घंटेशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. पण ती राहायला गेली व्हेरोनिका कुबाला नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या बाईकडे, माळ्यावरच्या खोलीत, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

खोली म्हणाल तर लाखमोलाची. लॅबला चालत जाता यायचं. बाकीची पोरं दोन-दोन बस बदलून बर्फात कुडकुडत यायची तेव्हा ही आरामात नाश्ता करून निघायची. नाश्ताही आयता. बटाट्याचं सारण भरून करंजीसारखे दुमडलेले, उकडलेले पिरोही म्हातारी ताटात वाढायची, आणि "नको" म्हटलं की आणखी दोन पडायचे. ज्ञानदाला ही रीत घरचीच वाटली. म्हातारीने स्वतःला 'तेता' म्हणायला लावलं होतं. तेता म्हणजे त्यांची मावशी. बदल्यात ज्ञानदाने तेताची जुनी गाडी चालवायची, कारण डोळ्यांमुळे तेताचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं.

तेताचं गाव वर्बिना. डोंगरातलं, साठ-सत्तर उंबऱ्यांचं. मधून ओढा, ओढ्याच्या वर वरची आळी, खाली खालची आळी. आता तुम्हाला पुढचं सांगायला हवं का? दोन आळ्या म्हटल्या की काय ते समजून घ्या. जमीन सगळी खडकाळ, बटाटे आणि आलुबुखार सोडले तर काही पिकत नसे. म्हणून गडी माणसं खांद्यावर तारेचं भेंडोळं टाकून लोकांची फुटकी मडकी तारेने सांधत देशोदेशी पायी हिंडायची. त्यातली काही हिंडत हिंडत पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्यांवर पोचली. अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले तेव्हा तेता आणि तिचा नवराही पळून इथेच आले. पुढे सरकारने तिथे धरण बांधलं आणि वर्बिना पाण्याखाली गेलं. धरणात गेलेली गावं साताऱ्याच्या पोरीला कोणी समजावून सांगावी लागत नाहीत.

गाव बुडालं, पण पिट्सबर्गात वर्बिनाकरांचं मंडळ होतं. दर उन्हाळ्यात पार्कात त्यांचं जेवण व्हायचं. इथे जन्मलेली नातवंडं फोनवर गाव शोधायची, तर नकाशात नुसतं निळं पाणी दिसायचं. यंदा मंडळाचा अध्यक्ष मार्क, पेशाने दातांचा डॉक्टर, म्हणाला की आपल्या गावाचा इतिहास इंग्रजीत लिहून जेवणाच्या वेळी वाचू या. कल्पना झकास. अडचण एवढीच, की इतिहास माहीत असलेली माणसं दोनच उरली होती. एक तेता, वरच्या आळीची. दुसरे मार्कचे आजोबा श्टेफान, खालच्या आळीचे. आणि ही दोघं वीसेक वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलली नव्हती. तेव्हा लिहिणारं माणूस कुठल्याच आळीचं नको, असं ठरलं, आणि सगळ्यांच्या नजरा तेताला गाडीने घेऊन येणाऱ्या ज्ञानदाकडे वळल्या.

भांडण घंटेचं होतं. पहिल्या महायुद्धात तोफा ओतायला गावोगावच्या चर्चच्या घंटा सरकारचे शिपाई काढून नेत होते. वर्बिनाची घंटा मात्र वाचली, कारण ती कोणीतरी लपवली.

"कोणीतरी नाही, माझ्या आजोबांनी," तेता म्हणाली. "शेणाच्या उकिरड्यात पुरली. शिपायांनी नाकं धरली आणि परत गेले. आणि त्यांना आमच्या गावात पाठवलं कोणी? श्टेफानच्या आजोबाने, दारूच्या एका बाटलीसाठी."

ज्ञानदाने लिहून घेतलं आणि श्टेफानआजोबांकडे गेली. त्यांनी आधी आलुबुखाराची घरची दारू पुढे केली. ती नको म्हणाली, तर त्यांना ती वरच्या आळीची हेर आहे असाच संशय आला.

"उकिरडा?" आजोबा म्हणाले. "घंटा आमच्या विहिरीत होती. माझ्या आजोबांनी दोराने सोडली. आणि चुगली केली ती तिच्या आजोबाने. त्या घराण्याला तोंड आवरता आलं नाही कधी."

ज्ञानदाने कपाळाला हात लावला. घरी आली तर तेता दारातच उभी.

"विहीर म्हणाला ना तो? ती विहीर जर त्या कागदावर आली," तेता शांतपणे म्हणाली, "तर तू तुझी बॅग भर. माझ्या छपराखाली खालच्या आळीचं खोटं राहणार नाही."

आता आली का पंचाईत. विहीर लिहावी तर खोली जाणार, आणि सेमिस्टरच्या तोंडावर लॅबजवळ दुसरी खोली मिळणं कठीण. विहीर गाळावी तर ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यावर धडधडीत अन्याय. तिने साताऱ्याला आईला फोन लावला. आईचा, म्हणजे रेणूताईंचा, जन्म आळ्यांच्या भांडणांतच गेलेला.

"कोणाचंच नाव घेऊ नकोस," आई म्हणाली. "गावाने केलं म्हण. गावाला कोण नाही म्हणतंय?"

ज्ञानदाला हे एकदम पटलं. तिने रात्र जागून मोठं गुळगुळीत लिहिलं. मडकी सांधणारे आले, पोलाद आलं, धरण आलं, आणि घंटेपाशी लिहिलं, 'गावकऱ्यांनी एकजुटीने घंटा सुरक्षित ठिकाणी लपवली.' स्वतःवरच खूश झाली बया.

जेवणाच्या दिवशी पार्कात तेता या टोकाच्या बाकावर, श्टेफानआजोबा त्या टोकाच्या. मधे चाळीसेक माणसं सॉसेज खात बसलेली. ज्ञानदा वाचायला लागली. धरणापर्यंत सगळं सुरळीत होतं. दोन-चार बायकांनी डोळेही पुसले. मग तिने घंटेचं ते वाक्य वाचलं.

"एकजुटीने?" तेता उठून उभी राहिली.

"कुठली एकजूट?" आजोबाही काठी टेकत उठले. "त्या गावाने कधी एक बादली मिळून उचलली नाही."

"हे मात्र खरं," तेता म्हणाली आणि म्हणताक्षणी तिच्या लक्षात आलं की आपण कोणाशी बोललो. झालं. पुढचं सगळं वर्बिनाच्या बोलीत. उकिरडा, विहीर, शिपाई असे हातवारे तेवढे कळत होते. हळूहळू दोघं चालत चालत मधल्या टेबलाशी आली आणि समोरासमोर बसली. तेता टेबलावर मूठ आपटत होती, आजोबा काठी.

मार्क घाबरून गोरामोरा झाला. "आजोबांना हार्टचा त्रास आहे. मी थांबवतो त्यांना."

"थांब जरा," ज्ञानदा म्हणाली. असं भांडण तिने गावी पुष्कळ पाहिलं होतं. खरं भांडण असतं तेव्हा माणसं ताट लोटून उठतात. इथे तेताने बोलता बोलता आजोबांच्या ताटात दोन पिरोही वाढले होते, आणि त्यांनी नको म्हटलेलं तिने ऐकलंही नव्हतं.

टेबलं आवरली, मुलं पेंगुळली, तरी ती दोघं भांडतच होती. शेवटी मार्कने आजोबांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं, तर ते खिडकीतून डोकं काढून आणखी काहीतरी ओरडले.

परतताना ज्ञानदा तेताची गाडी चालवत होती. तिने मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

"तेता, सॉरी," ज्ञानदा म्हणाली. "मी खोली कधी सोडू?"

"खोली कशाला सोडतेस? रविवारी तो येतोय जेवायला. अजून विहिरीचं मिटलेलं नाही. तू माझ्या बाजूने बस."

"पण जाताना खिडकीतून काय ओरडले ते?"

"मला खोटारडी म्हणाला," तेता म्हणाली, आणि चष्मा काढून तिने खांद्यावरच्या शालीचं टोक पदरासारखं धरून डोळे पुसले. "आमच्या बोलीत म्हणाला गं. माझा नवरा गेल्यापासून आमच्या बोलीत मला कोणी काही म्हणालंच नव्हतं."