कानापर्यंतचा हात

"एक्केचाळीसच सांगायचं. ध्यानात हाय न्हवं?" म्हस्कूआबांनी मुलाखतीच्या दाराशी लेकीचा दंड धरून पुन्हा बजावलं.

"व्हय आबा. कितींदा सांगाल?" म्हाळसानं पदर सारखा केला.

बाकावरच्या बाकीच्या पोरी तेवीस-चोवीसच्या, तिच्या लेकीएवढ्या, धनश्रीएवढ्या. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.साठी त्या कॉलेजातून थेट पुण्याच्या या खोलीपर्यंत आल्या होत्या. म्हाळसा आली होती ती संसार सांभाळत, एम.ए., एम.फिल. पदरात पाडून घेत, दौंडच्या दवाखान्यात मनोरुग्णांमध्ये वर्षानुवर्षं काम करून.

आबांची धास्ती जुनी होती. केंदूरची शाळा म्हाळसाच्या वाट्याला आली तेव्हा ती नऊ वर्षांची झालेली. तोवरचं बालपण मेंढरांमागं कोकणात जा-ये करण्यात गेलं होतं. एवढी घोडी पहिलीत घेणार नाही, असं गुरुजी म्हणतील म्हणून आबांनी तिला सहाची केली. डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला लागला की पोर सहाचं, ही तेव्हाची परीक्षा. "हात आखडता धर," आबा कुजबुजले होते, आणि म्हाळसानं बोटं नेमकी कानाच्या टोकावर थांबवली होती. खोटं पचलं. बापलेकींनी ते आजवर कुणापाशी काढलं नव्हतं.

आत मधल्या खुर्चीतल्या सरांनी तिच्या कामाबद्दल बरंच विचारलं आणि शेवटी ते वयाशी अडले.

"एक्केचाळीस. जरा उशीरच नाही का झाला, बाई?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण म्हाळसाला एकदम राग आला.

"चव्वेचाळीस, सर. कागदावर तीन कमी लागलेत. ती मी मेंढरांमागं काढली. बिथरलेल्या मेंढीजवळ न बोलता कसं बसायचं, ते तिथं शिकले. दवाखान्यात अजून तेच कामी येतं. मला घेतलं नाहीत तरी चालेल, पण ती वर्षं धरा."

सरांनी शेजारच्या खुर्चीतल्या बाईंकडे बघितलं. बाईंनीच होकारार्थी मान हलवली.

"जूनमध्ये या," सर म्हणाले. "राहायची सोय करून या."

म्हाळसा उठली. दार उघडताना मात्र आबांना काय सांगावं ते तिला सुचेना.

बाहेर बाकाभोवती पोरींचा घोळका जमला होता. मधोमध आबा, पागोटं मांडीवर काढून ठेवलेलं, हात डोक्यावरून पलीकडं; बोटं कान ओलांडून पार जबड्याशी आलेली.

"हितवर यायचा तिचा हात! चव्वेचाळीसची हाय माझी लेक, आन् बघा कुठवर आली!"

म्हाळसा दिसताच त्यांनी झटकन हात खाली घेतला, पागोटं डोक्याला चढवलं.

"एक्केचाळीसच सांगितलंस न्हवं?"

सगळ्या पोरींदेखत म्हाळसानं आपला हात डोक्यावरून पलीकडं नेला. या वेळी तो आखडला नाही.