जानकीच्या भुवईची खूण

मित्रांनो, मी पन्नास पैशांचे एक जुने टपाल तिकीट आहे. १९८५ साली नाशिकच्या छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्यावर जानकी नावाच्या परिचारिकेचे, लष्कराकडच्या फोटोवरून काढलेले चित्र आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या इस्पितळावर बॉम्ब पडत असताना तिने जखमी सैनिकांना पाठीवर घेऊन बाहेर काढले. अकरा जण वाचले. बाराव्याला आणायला गेलेली जानकी परतली नाही.

मी मुलुंडच्या पोस्टात आलो. पहिल्याच दिवशी पन्नाशीला टेकलेल्या मालनबाई खिडकीशी आल्या. जानकी आपली मोठी बहीण, असे त्यांनी तिथे सांगितले. ती घरच्यांचे न ऐकता लष्करात गेली, म्हणून वडिलांनी, म्हणजे आबांनी, तिचे सगळे फोटो जाळले होते. तेव्हा मालनबाई सहा वर्षांच्या होत्या. त्यांनी मला उजेडात धरून बराच वेळ पाहिले.

"पटली का ओळख?" खिडकीतल्या सहदेवने विचारले.

"नाही हो. मला तिचा चेहराच आठवत नाही."

थोरले भाऊ अनंतराव बोरिवलीला राहत. त्यांना आठवत असणार. पण वडिलांच्या मागेही त्यांनी जानकीचे नाव घरात घेऊ दिले नव्हते. त्यावरून भावाबहिणीचे बोलणे तुटले होते. मालनबाईंनी मला पाकिटावर चिकटवले. आत एकच ओळ लिहिली: ‘दादा, ताई अशी दिसायची का?’ सहदेवने शिक्का माझ्या कोपऱ्यावर हलकेच मारला.

अनंतरावांच्या टेबलावर पाकीट दोन दिवस तसेच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते उघडले, मला पाण्यात भिजवून सोडवले, वाळवले आणि मुलुंड गाठले.

"पेन्सिल आहे का गं घरात?" दारातच त्यांनी विचारले.

"आधी आत तर ये, दादा."

त्यांनी चष्मा सावरला आणि माझ्यावरच्या जानकीच्या डाव्या भुवईत एक बारीक तिरकी रेघ ओढली.

"मी विहिरीत पडत होतो. मला ओढताना तिला दगड लागला. छापणाऱ्यांनी खूण पुसून टाकली बघ."

"मग तिचं नाव का घेऊ देत नव्हतास रे?"

"आधी आबांची भीती. मग सवयच झाली गं."

मालनबाईंनी मला पुन्हा उजेडात धरले.

तिकिटे जमवणारे मला खराब झालेले म्हणतात. ते बरोबरच आहे. मित्रांनो, मला जपा असे मी सांगत नाही. मी कागद आहे. पण तुमच्या घरात ज्या माणसाचे नाव कुणी काढत नाही, त्याचा चेहरा ज्याला आठवतो त्याला आजच विचारा. अनंतराव पुढच्याच वर्षी गेले.