इंजिनाखालची चार रबरं

या, असे जवळ सरका. शेगडीला लाकूड घातलं आहे, बाहेर वारा त्याचं काम करतोय, तुम्ही तुमचं करा : कान द्या. गोष्ट कानांचीच आहे. आमच्याच नदीच्या मुखाशी घडलेली आहे आणि भीतीची आहे. पण भिऊन मधेच उठू नका. भीतीच्या पैलतीरावर कोण उभा असतो, ते शेवटपर्यंत बसणाऱ्यालाच दिसतं.

तर ओलिंका नावाची बाई होती. गावात कोणाचीही बर्फगाडी रुसली, की ती ओढत ओलिंकाच्या शेडपाशी आणायची, असा रिवाजच पडला होता. आणि सगळ्यांत रुसकी गाडी होती ती तिच्या घरातलीच, तिच्या नवऱ्याची, गुस्तीची. डब्यात खडे भरून हलवावेत असा त्या गाडीचा आवाज. गुस्ती शिकारीहून परतायचा तेव्हा अख्ख्या गावाला आधी कळायचं. बायका किटली चढवायच्या, कुत्री उठून उभी राहायची. ओलिंकाचा मामेभाऊ मोझेस म्हणायचा, "शेवटच्या दिवशी देवदूत तुतारी फुंकतील ना, ती मला ऐकूच येणार नाही. त्याच वेळी गुस्ती घरी येत असेल." आमच्यात मामे-आतेभावंडांनी एकमेकांची टिंगल करायचीच असते, न करील त्याचं प्रेम आटलं म्हणतात. मोझेसचं आटलेलं नव्हतं.

त्या वर्षी हिवाळा सरत आला तसं ते खडखडणं गाडीला खायला लागलं. इंजिन ज्या चार रबरांवर बसतं, ती झिजून चिरली होती. इंजिन एका अंगाला कललं, पुढची पुली मागच्या पुलीशी तिरकी झाली, आणि मधला पट्टा कडेनं सोलवटून निघायला लागला. पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी मेली. आणि आमच्याकडे गाडी कुठे मरते यावर माणसाचं काय होतं ते ठरतं.

नवी रबरं विमानानं मागवली. पुडक्यात निघाली तीनच. गावात गाण्याची बैठक भरायची होती, खालच्या गावाहून गाणारी मंडळी यायची होती, आणि प्रार्थनाघराच्या शेगडीसाठी पलीकडच्या काठावरून वाहून आलेली लाकडं आणायचं गुस्तीनं कबूल केलं होतं. देवाच्या घरी शब्द दिलेला, तो मोडायचा कसा? ओलिंकानं धावपट्टीवरचा बर्फ लोटणाऱ्या यंत्राचा एक जुना टायर शोधला आणि त्याच्या जाड कडेतून चौथं रबर कापलं. इंजिन उचललं, चारी रबरं बसवली, बोल्ट सैल ठेवले. मग दोन्ही पुलींच्या तोंडाला लोखंडी सळई लावून इंजिन केसभर इकडे, केसभर तिकडे करत, सळई सरळ टेकेपर्यंत नेटानं सरकवलं आणि बोल्ट आवळले. कितीदा तरी आवळून पुन्हा सोडले. त्या चौथ्या रबरावर तिचा जीव बसेना.

"अगं, आता इंजिनाला पाळण्यात घालून झोपवतेस का?" गुस्ती म्हणाला.

"जादा पट्टा घेतलास?"

"मागच्या आठवड्यात तुटला तोच जादा होता."

"मग जाऊ नकोस."

"तूच दुरुस्त केलीस आणि तूच म्हणतेस जाऊ नकोस? लोक काय म्हणतील तुझ्या शेडला?"

हसत गेला. उत्तरेचा वारा होता, गावाकडून नदीकडे वाहणारा. तो पाठीवर घेऊन गुस्ती नदी ओलांडून गेला, आणि वाऱ्यानं गाडीचा आवाज सगळा त्याच्याबरोबरच नेला. ओलिंका दारात उभी होती, तिला धड काही ऐकूही आलं नाही.

दुपारी वारा फिरला. उत्तरेचा पश्चिमेला गेला, समुद्रावरून यायला लागला. उबदार, ओला, जाड बर्फ घेऊन. बघता बघता नदी नाही, आभाळ नाही, हात लांब केला तर हात नाही. आमच्या लोकांना ठाऊक आहे की आंधळ्या पांढऱ्यात माणूस वाऱ्याच्या भरवशावर चालतो. गुस्ती वारा पाठीवर घेऊन गेला होता, म्हणजे परत येताना तो तोंडावर घेऊन येणार. आणि वारा तर आता समुद्राकडून येत होता. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटी बर्फाला खालून चाटते. वरून अंगण दिसतं, खाली विहीर.

ओलिंकाला भीती होती ती याचीही नव्हे. तिच्या डोक्यात एकच : चौथं रबर दबलं असेल. इंजिन कललं असेल. पट्टा तुटला असेल. तो नदीच्या मधोमध मेलेल्या गाडीवर बसला असेल, आणि हे मी केलं, माझ्या हातांनी केलं.

ती प्रार्थनाघरापाशी गेली. आत गावातली मंडळी गाणी बसवत होती, शेगडीत कालचंच उरलंसुरलं लाकूड धुमसत होतं. बाहेर वासिली आपा घंटेचा दोर ओढत होता. आपा म्हणजे आजोबा. तो सगळ्या गावाचाच आपा. कोणी बर्फात अडकलं की घंटा वाजवायची आणि मधे थांबून कान द्यायचा, हा त्याचा नेम. मोझेसही टोपी कानांवरून वर सारून तिथेच उभा होता.

"पोहोचत नाही गं घंटा," वासिली आपा म्हणाला. "वारा त्याच्याकडून आपल्याकडे आहे. आपल्याला तो ऐकू येईल, त्याला आपण नाही."

"मग वाजवता कशाला आपा?"

आपानं पुन्हा दोर ओढला, थांबला. आणि तिघांनीही ऐकलं. वाऱ्याच्या आतून एक आवाज. बारीक, अखंड, गुळगुळीत. कुणी बाई दूर बसून शिवणयंत्र चालवतेय असा. नदीवर, उजव्या हाताला सरकत चाललेला. समुद्राकडे.

ओलिंकाचं काळीज उचंबळलं आणि तिथेच बसलं. "आपली नाही," ती म्हणाली.

"छे, गुस्ती कसला!" मोझेस म्हणाला. "खालच्या गावची गाणारी मंडळी ती. त्यांची नवी गाडी आहे ना. हवा बघून परत फिरलेत. इथवर येऊन तोंडही न दाखवता! त्यांना सांग, तुमच्यापेक्षा आमची कुत्री सुरात गातात."

"त्यांच्या वाटेला खुणेचे खांब आहेत, जातील बरोबर," आपा म्हणाला.

आत गाणं चढत होतं. देव वादळावर पाय ठेवून चालतो, अशा अर्थाचं. ओलिंकाला त्यातला शब्द शब्द पाठ होता, आणि ओठ हलत नव्हते. तो आवाज कोणत्यातरी सुखी घराकडे निघालाय असं तिला वाटलं. त्या घरातल्या बाईचा तिला हेवा वाटला.

"आपली असती तर कळलं असतं," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "आपली कशी वाजते, डब्यात खडे..."

आणि तोंड उघडंच राहिलं.

"काय गं?"

"मोझेस, खडे मी काढले. आज सकाळी. खडे नाहीत त्यात आता!"

बारा हिवाळे ज्या खडखडाटाची वाट पाहिली, त्याचीच वाट कान अजून पाहत होते. हातांनी केलेलं कानांना ठाऊकच नव्हतं. काम फसलं म्हणून ती थरथरत होती, आणि काम तर इतकं साधलं होतं की नवरा समोरून मरणाकडे चालला आणि तिनं त्याला परका म्हणून वाट दिली.

"माझी गाडी घे," वासिली आपा म्हणाला. किल्ली त्यानं कधी काढलेलीच नसे. "दोर घे, काठी घे. आणि एकटी जाऊ नको."

मोझेस आधीच मागे बसला होता.

वारा उजव्या गालावर घ्यायचा आणि सरळ आत घुसायचं, त्याच्या गाडीच्या खुणा आडव्या येईपर्यंत. बर्फ भरायच्या आत त्या सापडल्या तर सापडल्या. दिव्याचा उजेड समोरच्या पांढऱ्याला लागून परत डोळ्यांत येत होता. ओलिंका वाकून बर्फाकडेच बघत होती. दोनदा तिला खुणा दिसल्या, दोनदा त्या वाऱ्याच्याच निघाल्या. मग खरंच दिसल्या : गाडीमागे ओढलेल्या, लाकडांनी लादलेल्या घसरगाडीच्या दोन खोल चाकोऱ्या, अर्ध्या बुजलेल्या, समुद्राकडे वळलेल्या. तीही वळली. मधे तिनं इंजिन बंद केलं, कान दिला. शिवणयंत्र चालूच होतं, आता जवळ. पुन्हा निघाली, पुन्हा बंद केलं.

काही नाही.

वारा होता. बाकी काही नाही. थोड्या वेळानं तिच्या पाठीमागून मोझेसचं पुटपुटल्यासारखं गाणं यायला लागलं, प्रार्थनाघरातलं तेच. सूर धड नव्हता. दात वाजत होते.

"गाडी इथेच ठेव," तो म्हणाला. "इथून पुढे वजन नको."

दोर दोघांच्या कमरेला. ओलिंका पुढे, हातात टोक लावलेली काठी. एक ठोका, एक पाऊल. टणक. टणक. मग आवाज जरासा भरदार, ओलसर. देवा, ती म्हणाली, बाकी काही मागत नाही, तो ज्या क्षणी गेला असेल त्या क्षणी त्याला भीती वाटू देऊ नकोस. पुढचा ठोका मारायला काठी उचलली, आणि पांढऱ्यात काहीतरी काळं दिसलं.

गाडीचं झाकण उघडं होतं. गुस्तीचं डोकं इंजिनात होतं, पाठ बाहेर.

"गुस्ती!"

त्यानं दचकून डोकं झाकणावर आपटलं. "तू? इथं? गाव आलं का?"

"काय करतोयस तू?"

"अगं, ही काही बोलतच नाही!" तो अगदी कळवळून म्हणाला. "सकाळपासून नुसती गुणगुणतेय. म्हटलं, नक्की काहीतरी निसटलंय. तुझं ते चौथं रबर गेलं असेल. भीती वाटली म्हणून थांबलो, बघतो तर सगळं जागच्या जागी. पट्ट्याला ओरखडासुद्धा नाही."

ओलिंकानं हातमोज्यानिशी त्याच्या छातीवर गुद्दे मारले. मग तिथेच तोंड खुपसून रडली. तेवढ्यात मोझेस काठी घेऊन गाडीच्या पुढे गेला. घसरपट्ट्यांच्या टोकांपासून माणूस आडवा झोपेल एवढ्या अंतरावर त्यानं काठी टेकवली. ती थांबली नाही. बर्फातून सरळ खाली गेली, आणि भोकातून काळं पाणी वर येऊन पसरलं.

गुस्ती मटकन लाकडांवर बसला.

"बस, बस," मोझेस म्हणाला. "तुला वाचवलं ते तुझ्या बायकोनं नव्हे. चांगल्या गाडीवर तुझा विश्वास नाही, त्या अविश्वासानं वाचवलं."

गाडी हातांनी मागे ओढली, लाकडं निम्मी टाकली. वारा पाठीवर घेऊन तिघं परतली. ओलिंका वासिली आपाच्या गाडीवरून मागे येत होती. पुढे चाललेल्या त्या गुळगुळीत आवाजाला चिकटून, तो पाठ करत.

गावाजवळ आल्यावर घंटा ऐकू आली. वासिली आपा तसाच दोर ओढत उभा होता, पापण्यांवर बर्फ, हातमोजे गोठून लाकडाचे ओंडके झालेले. मोझेसनं त्याचे हात दोरावरून सोडवले.

"आपा, तुम्हीच म्हणालात ना, त्याला ऐकू जात नाही? मग एवढा वेळ कोणासाठी?"

"त्याला कुठे ऐकवत होतो रे," आपा म्हणाला. "ज्याच्याकडे वारा फिरवायची सत्ता आहे, त्याच्या कानाशी बसलो होतो."

संध्याकाळी गुस्तीनं आणलेल्या ओल्या लाकडांनी प्रार्थनाघर धुरानं भरलं. गाणारे खोकत गायले. वासिली आपाला गाता येईना. सुजलेले हात मांडीवर पालथे ठेवून तो नुसता मान हलवत होता.

पुढच्या हिवाळ्यात तो देवाघरी गेला. त्याला मूल नव्हतं, त्याचं नाव घेणारं घर नाही. म्हणून एवढंच मागतो तुमच्याकडे : वाऱ्यात कोणी आपलं बाहेर असेल आणि तुमची हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तेव्हा हाक सोडू नका, आणि त्या वेळी आमच्या वासिली आपाची आठवण काढा.