कापसाच्या खोलीची किल्ली

वच्छलाला आपली धाकटी जाऊ भागिरथा डोळ्यांपुढं नको असायची. भागिरथाचा स्वभाव तसा वाईट नव्हता. खुपायचं ते तिचं तोंड. केनवडहून लग्न होऊन आली तेव्हा मांडवातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणाल्या होत्या, "काय गुळगुळीत चेहरा हाये व माय!" वच्छला तिथंच ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे वण होते, सात वर्षांची असताना पडलेले. त्या वणांपायी तिची तीन स्थळं मोडली आणि चौथं जमलं ते बिजवर शेषरावाचं. शेषराव माणूस भला निघाला, पण नवरा भला निघाला म्हणून आरसा काही वेगळं दाखवत नाही.

पुढं दोघींनाही मुली झाल्या. वच्छलाची सिंधू सहा वर्षांची, काळीसावळी, पुढचे दात बाहेर आलेली. भागिरथाची पंचफुला चार वर्षांची, रूपानं आईच्याही वरताण. घरी कुणी आलं की फुलाला उचलून कडेवर घ्यायचं आणि सिंधूच्या हातावर गुळाचा खडा ठेवून मोकळं व्हायचं. वच्छला ते पाहायची आणि चुलीत नको तेवढं सरपण सारायची. कुणी विचारलं असतं तर तिनं कबूल केलं नसतं, पण तिचा जीव जळायचा. रोज जळायचा, चार वर्षं.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात इंझोरीपासून कोसभर आतल्या त्यांच्या वस्तीत देवी आल्या. दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी गेलेला चंपाबाईचा मुलगा बायकापोरांसकट परतला, आणि चार दिवसांत त्याच्या मुलीच्या, गोजराच्या, अंगावर दाणे उठले. दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले, घरातली फोडणी बंद झाली, शेजाऱ्यांनी ती गल्लीच टाकली. अशा घरात जायचं कुणी, याची वस्तीत जुनी रीत होती. ज्याच्या अंगावर देवी येऊन गेल्या, त्याला त्या पुन्हा धरत नाहीत. म्हणून वण असलेल्या बाईनंच तिथं भाकरी पोचवायची आणि लिंबाच्या पाण्यानं न्हाऊन घरी यायचं. एरवी लग्नकार्यात मागं उभी केली जाणारी वच्छला अशा वेळी सगळ्यांना आठवायची.

तिसऱ्या दिवशी जीप आली. तिच्यातून देवी टोचणारे उकंडराव उतरले, हडकुळे, खांद्याला पिशवी. वस्तीतल्या लहानथोरांना, एकही माणूस न सोडता, टोचायचं असं त्यांनी सांगितलं.

पारावर लगेच वाद पेटला. "सक्ती हाये का?" एकानं विचारलं.

"हाये."

"लेकरू आमचं का सरकारचं?"

"लेकरू तुमचंच," उकंडराव म्हणाले. "पण देवी काय तुमच्याच घरात बसून राह्यते का? बाजूच्याचं लेकरू कोनाचं हाये मंग?"

हा वाद चालू असतानाच वच्छलानं सिंधूला धरून आणलं आणि सगळ्यांच्या आधी पुढं केलं. पोरगी किंचाळली, चावली, पण वच्छलानं दंड सोडला नाही. दोन टोकांच्या सुईनं टोचून होईपर्यंत ती मुलीकडं नाही, सुईकडं बघत होती.

घरी आली तर भागिरथा ओसरीत येरझारा घालत होती. दोघींचे नवरे कापसाच्या गाड्या घेऊन कारंज्याच्या बाजारात नंबर लावून बसलेले, त्यामुळे घरात विचारायला पुरुषमाणूस नव्हता.

"बाई, कापसाच्या खोलीची किल्ली द्या ना," भागिरथा म्हणाली. थोरली म्हणून ती किल्ली वच्छलाच्या कमरेला असायची.

"काहून?"

"फुलाले आत ठेवतो. जीप गेली का काढतो. माह्या पोरीच्या आंगावर मी डाग पडू देत नाही." मग तिला भान आलं. "तुमाले नाही म्हटलं, बाई."

सुईचा वण केवढा आणि देवीचा केवढा, हे त्या घरात वच्छलाइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन शब्द बोलली असती तरी भागिरथानं ऐकलं असतं. ती बोलली नाही. तिनं कमरेची किल्ली सोडून जावेच्या हातावर ठेवली.

"जिचं लेकरू तिची मर्जी," ती म्हणाली.

ऐकायला किती मोठ्या मनाचं वाटतं! पण त्या घडीला तिच्या मनात काय आलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट सांगायचीच कशाला. तिच्या मनात आलं, होऊ दे. एकदा होऊ दे. मग बघू कोण कडेवर घेतं ते.

भागिरथा तिच्या पाया पडली. "सख्ख्या बहिणीवानी हाये तुमी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते. फुलाला कापसाच्या ढिगाशी बसवून, हातात भाजलेल्या शेंगा देऊन, तिनं कुलूप घातलं आणि किल्ली परत आणून दिली.

दुपारी उकंडराव यादी घेऊन दारात आले. "पंचफुला इंद्रभान, वय चार?"

"मामाच्या घरी गेली, केनवडले," भागिरथा म्हणाली.

उकंडरावांनी वच्छलाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नजर जरा थांबली. "बाई, तुमी तं भोगलं हाये. तुमी सांगा."

"गेली," वच्छला म्हणाली.

त्यांनी यादीवर काहीतरी खूण केली आणि पुढच्या घरी गेले.

उन्हं कलताना वच्छला भाकरी आणि ताक घेऊन चंपाबाईकडं गेली. गोजरा गोधडीवर पडली होती. डोळे सुजून मिटलेले, ओठांवर, पापण्यांवर, तळहातांवर दाणे. वच्छलानं ओलं फडकं तिच्या ओठांवर फिरवलं. बांगड्यांचा आवाज ऐकून पोरगी पुटपुटली, "मोठी माय, माहं तोंड कसं झालं?"

कोपऱ्यात बसलेली चंपाबाई छाती पिटून घेऊ लागली. "मीच केलं व हे! मागच्या साली टोचाले आले तं मीच इले वावरात लपवलं. आमची मर्जी म्हटलं. कोन सांगत होतं मले शहाणपण!"

वच्छलाच्या हातातलं फडकं थांबलं. तिला आपला बाप आठवला. दारात काठी घेऊन उभा राहिलेला. टोचणाऱ्याला त्यानं शिव्या देऊन हाकललं तेव्हा सगळ्या गावानं त्याचं केवढं कौतुक केलं होतं! कुणापुढं न वाकणारा माणूस! पुढं तो म्हातारा होऊन मेला, चेहऱ्यावर एक डाग नव्हता. मर्जी त्याची होती आणि तोंड गेलं ते वच्छलाचं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती तेव्हा सात वर्षांची होती, आणि आत्ता कापसात बसून शेंगा खाणारी पोरगी चार.

ती उठली. लिंबाच्या पाण्याचे दोन हंडे तिनं लुगड्यासकट डोक्यावर ओतले आणि तशीच निथळत पाराकडं पळत सुटली. उकंडराव जीपमध्ये चढत होते.

"थांबा!" ती ओरडली. "एक राह्यली!"

भागिरथानं दोघांना वाड्याच्या फाटकातून येताना पाहिलं आणि खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "बाई, तुमी सबूद देल्ता!"

"सरक, भागिरथे."

"माही पोरगी हाये!"

"तुही हाये. पण तोंड तिचं हाये," वच्छला म्हणाली, आणि जावेला दंडाला धरून तिनं बाजूला केलं. कुलूप निघालं. फुला ढिगावर झोपली होती, केसभर कापूस. वच्छलानं तिला मांडीवर घेऊन दंड पुढं केला. झोपेतून जागी झालेली पोर सुई लागल्यावर भोकांड पसरून रडली.

शेजारपाजारचे जमले होते. त्या सगळ्यांसमोर भागिरथा बोटं मोडत किंचाळली, "जळकुकडी! सोताचं तोंड गेलं म्हनून माह्या पोरीले डाग देला!"

कुणीही वच्छलाची बाजू घेतली नाही. सगळ्यांना ते पटलंच, कारण वच्छला जळते हे सगळ्यांना माहीत होतं. आणि तिला तरी काय बोलता येणार? सकाळी खरोखर जळून किल्ली दिली तेव्हा हीच बाई पाया पडली होती. आत्ताचं खरं सांगायचं तर सकाळचंही सांगावं लागलं असतं. ती फुलाच्या केसांतला कापूस वेचत बसली.

भागिरथानं चूल वेगळी मांडली. पंधरा दिवसांत मागच्या गल्लीत लपवून ठेवलेल्या दोन पोरांना देवी आल्या, तेव्हाही ती वच्छलाशी बोलली नाही. फक्त फुलाला इकडं यायला अडवेनाशी झाली. गोजरा वाचली. तोंड गेलं.

फाल्गुनात फुलाच्या दंडावरची खपली पडली. ती धावतच वच्छलाच्या ओसरीवर आली आणि तिनं झग्याची बाही वर सरकवली.

"मोठी माय, पाह्य. मलेबी आला. तुह्यासारखा."

वच्छलानं ज्वारी पाखडायचं थांबवून पाहिलं. डाळीएवढा वण होता. त्याच्या वर ते तोंड, हुबेहूब भागिरथाचं, गुळगुळीत. पलीकडं सिंधू दात काढून हसत होती. वच्छलाच्या काळजात तेच जुनं जळणं पुन्हा उठलं, जराही कमी नाही. तिनं हात पुढं करून त्या वणावरून बोट फिरवलं.

"एकच हाये का व?" तिनं विचारलं.

"एकच," फुला म्हणाली, जराशी नाराज होऊन.